पुनर्विकासाच्या आधीची वीस वर्षे

मुंबईच्या उपनगरांत आज तीस-चाळीस वर्षांची अशी इमारत क्वचितच सापडेल, जिच्या जिन्यात पुनर्विकासाची चर्चा चालू नाही. विलेपार्ले असो, मुलुंड असो, बोरिवली किंवा चेंबूर असो. जिथे चर्चा आहे तिथे भांडणही आहे. सोसायटीच्या समितीने विकासकाशी संधान बांधले आहे, असा एका गटाचा आरोप असतो. विरोध करणाऱ्यांना स्वतःच्या पदरात जास्तीचे काही पाडून घ्यायचे आहे, असा दुसऱ्या गटाचा. मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज जातात, सहकार न्यायालयात दावे पडतात आणि काही प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचतात. या सगळ्याचे खापर बहुधा बिल्डरच्या हावेवर किंवा कायद्यातल्या पळवाटांवर फोडले जाते, आणि दोन्हींत तथ्य आहे. तरीही माझे म्हणणे असे आहे की, पुनर्विकासाच्या सभेत उफाळून येणारा अविश्वास हे जुने देणे असते. ज्या वार्षिक सभांना कोणी फिरकले नाही, जे ताळेबंद कोणी उघडून पाहिले नाहीत आणि ज्या समितीत जायला कोणी तयार झाले नाही, त्या पंधरा-वीस वर्षांची ती थकबाकी एका संध्याकाळी व्याजासह मागितली जाते.

सहकारी घर म्हणजे काय, हे आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. मुंबईत या कल्पनेचा पाया १९१५ साली गावदेवीत घातला गेला. रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने तिथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. जागा आणि इमारती संस्थेच्या मालकीच्या, राहणारे सभासद एकाच वेळी संस्थेचे भागधारक आणि तिचे भाडेकरू, अशी ती रचना होती. घरमालक आणि भाडेकरू हे दोन पक्ष ज्या शहरात कायम एकमेकांसमोर उभे असत, तिथे दोन्ही भूमिका एकाच माणसाने पार पाडायच्या, यात या कल्पनेचे सगळे धैर्य होते. (ते एकाच ज्ञातीचे लोक होते, हेही नमूद केले पाहिजे. आपल्यासारख्यांनी आपल्यासारख्यांबरोबर राहण्याची ओढ या शहरातल्या गृहनिर्माणात तेव्हापासून मुरलेली आहे, आणि २०२३ साली मुलुंडमध्ये मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले तेव्हा तिची दुसरी बाजू मराठी माणसाने स्वतः अनुभवली.)

१९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम हीच कल्पना पुढे नेतो. सभासदाच्या हाती येते ते शेअर सर्टिफिकेट, त्यावर पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा भाग. घराची किंमत दोन कोटी असली तरी भागाची किंमत पन्नासच रुपये. एका खोलीच्या घराला एक मत आणि तीन खोल्यांच्या घरालाही एकच मत. सर्वसाधारण सभेला आपल्या बदली प्रतिनिधी पाठवता येत नाही, मुखत्यारपत्रावर दुसऱ्याकरवी मत देता येत नाही. सभासदाने स्वतः यावे, बसावे, ऐकावे आणि हात वर करावा, अशी ही व्यवस्था आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दमन सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात म्हटले की, सहकारी संस्थेचा सभासद झालेल्या व्यक्तीला संस्थेपुरते स्वतंत्र अस्तित्व उरत नाही. पुनर्विकासाला विरोध करणाऱ्या अल्पमतातल्या सभासदांविरुद्ध या तत्त्वाचा आधार वारंवार घेतला गेला आहे. ज्या सामूहिक निर्णयात आपले व्यक्तित्व इतके विलीन होते, तो निर्णय होताना आपण खाली पार्किंगमध्ये खुर्चीवर बसलेले असावे, एवढे तरी त्यातून ओघाने येते.

प्रत्यक्षात मात्र मुंबईकर सोसायटीकडे येतो तो खरेदीदार म्हणून. वांद्र्याच्या कलानगर, साहित्य सहवास किंवा पत्रकार नगर यांसारख्या, समव्यवसायी लोकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या वसाहती हा अपवाद. बाकी बहुतेक ठिकाणी आधी बिल्डरने इमारत बांधली, सदनिका विकल्या आणि मग १९६३ च्या मालकी हक्क सदनिका कायद्याने बंधनकारक केले म्हणून संस्था नोंदवली गेली. माणसांनी एकमेकांना निवडले नव्हते. त्यांनी एकच पत्ता विकत घेतला होता. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत जमीन तिच्या नावे करून द्यावी, हा नियमही बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. बिल्डरच्या मागे लागण्याचे काम कोणाचे हे कोणी ठरवले नाही आणि शेवटी २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, तरतूद सरकारला करावी लागली. आपल्या पायाखालची जमीन आपल्या संस्थेच्या नावावर आहे की नाही, हे किती सभासदांना खात्रीने सांगता येईल? हा प्रश्न जिन्यात विचारून पाहावा.

या खरेदीदारपणाचे रूप सर्वांत स्पष्ट दिसते ते वार्षिक सर्वसाधारण सभेत. कायद्याने ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणून गणपती आणि पितृपंधरवडा सांभाळून एखाद्या रविवारी सकाळी दहाची नोटीस फलकावर लागते. तिच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. गणसंख्या तरी केवढी, तर दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढीही माणसे दहाला जमत नाहीत आणि जमणार नाहीत हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून शहाणे लोक साडेदहालाच उतरतात. स्टिल्टखाली गाड्या हलवून मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आठ-दहा डोकी, त्यांत पाच समितीची. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम, सूचक अमुक, अनुमोदक तमुक. हिशेबपत्रके मंजूर. लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांच्या दुरुस्तीचा ‘ओ’ नमुन्यातला अहवाल विषयपत्रिकेवर असतोच असे नाही, आणि असला तरी ते दोष कोणते होते हे कोणी विचारत नाही. हे सारे पंधरा मिनिटांत उरकते आणि मग ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या कलमाखाली खरी सभा सुरू होते: कबुतरांना दाणे कोण टाकते, पाचव्या मजल्यावरच्या कुत्र्याला लिफ्टमधून नेऊ द्यावे का, पाहुण्यांची गाडी कोणाच्या जागेत लागली. समोसा आणि वेफर्सची पाकिटे वाटली जाईपर्यंत आवाज चढलेले असतात. न आलेल्यांच्या सह्या घेण्यासाठी हजेरीची वही दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या हातून दारोदार फिरवण्याची पद्धतही काही इमारतींत आहे, आणि सही करताना कोणालाही काही वावगे वाटत नाही.

कुत्रे आणि कबुतरे यांना मी क्षुल्लक म्हणत नाही. शेजारपण अशाच गोष्टींनी बनते किंवा बिघडते. पण ज्या पंधरा मिनिटांत हिशेब मंजूर झाले, त्यांत इमारतीचे भवितव्य ठरत असते. सिंकिंग फंडाचेच, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी आणि पुनर्बांधणीसाठी दरवर्षी साठवायच्या निधीचेच, उदाहरण घ्या. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, हा निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती-देखभाल निधी पाऊण टक्का जमवायचा असतो. हा बांधकाम खर्च बहुतेक जुन्या संस्थांत मूळचा, म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा धरला जातो. तो सदनिकेमागे दीड लाख रुपये असेल, तर सिंकिंग फंडाचे वर्षाला पावणेचारशे रुपये होतात. सबंध कुटुंबाचे एका वेळचे हॉटेलचे बिलही याहून जास्त येते. हे दर किमान आहेत, सभेला ते वाढवता येतात. पण वाढवायला सभेत माणसे लागतात आणि आलेल्या माणसांनी मेंटेनन्स वाढवण्याच्या ठरावाला हात वर करावा लागतो. तसे होत नाही. मग स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीत, खांबांच्या सळ्या गंजल्याचे निघाले की निधीत काही नसते, प्रत्येकाकडे एकरकमी मोठी वर्गणी मागितली जाते, निवृत्त सभासद हबकतात, परगावी राहणारे उत्तरच देत नाहीत, आणि दुरुस्तीपेक्षा इमारत पाडूनच टाकावी हे मत हळूहळू शहाणपणाचे वाटू लागते. पुष्कळ पुनर्विकास असे सुरू झालेले आहेत. नवे घर हवे म्हणून ते झाले नाहीत. जुन्या घराची राखण कोणी केली नाही म्हणून झाले.

समितीच्या माथ्यावर मात्र जबाबदाऱ्यांची चळत वाढतच गेली आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचे. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे ‘बी’ नमुन्यातले प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे. आवार वीस हजार चौरस मीटरहून मोठे असेल किंवा रोजचा कचरा शंभर किलोच्या वर जात असेल, तर ओला कचरा आवारातच जिरवायचा. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातल्या सभासदांच्या नोंदवह्या, नामनिर्देशनांची वही, थकबाकीदारांवरची कारवाई, टाक्यांची सफाई, लिफ्टची तपासणी, वॉचमनच्या एजन्सीशी हुज्जत. समितीच्या निर्णयांसाठी समिती सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतात. हे सारे विनावेतन, नोकरी किंवा म्हातारपण सांभाळून. बदल्यात मिळते काय, तर कोण खातो याची कुजबुज.

अशा कामाला दोन प्रकारची माणसे उरतात. पहिला प्रकार म्हणजे निवृत्तीनंतर मनापासून राबणारा सेक्रेटरी, ज्याला पंधरा वर्षे कोणी बदली दिली नाही आणि ज्याच्या डोक्यात संस्थेच्या सगळ्या किल्ल्या आहेत. गावठाणातली जुनी हद्द कुठे, पंपाचा मेकॅनिक कोण, कुठला नळ कुठून फिरवला, हे फक्त त्यालाच माहीत. दुसरा प्रकार म्हणजे ज्याला त्या किल्ल्यांचा उपयोग ठाऊक आहे. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, कारण दोघांकडेही कोणी हिशेब मागितलेला नसतो. पहिल्यावर विनाकारण संशय घेतला जातो आणि दुसऱ्यावर वेळेत घेतला जात नाही. माझ्या मते आपल्या सोसायट्यांतले सर्वांत मोठे अन्याय यातल्या पहिल्या प्रकारच्या माणसांवर झालेले आहेत. महिलांसाठी राखीव असलेल्या दोन जागांचे काय होते, हेही सांगायला हवे: पुष्कळदा नाव सौभाग्यवतींचे लागते आणि बैठकीला श्रीमान येतात. ज्या घरात पाण्याची वेळ, मोलकरणीची वेळ आणि वरच्या मजल्यावरची गळती यांची खडान्‌खडा माहिती बाईला असते, त्या घरातून बैठकीला पाठवला जातो तो त्याबद्दल काही माहिती नसलेला माणूस.

यावर नव्या टॉवरांतून आलेले उत्तर म्हणजे हे काम एखाद्या फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपनीकडे सोपवणे. पंप, लिफ्ट, सफाई, सुरक्षा यांसाठी पगारी व्यवस्थापक असण्यात गैर काही नाही. दोनशे सदनिकांच्या इमारतीत हौशी माणसांनी जनरेटर सांभाळावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचेच आहे. पण व्यवस्थापक काम करू शकतो, निर्णय घेऊ शकत नाही. वॉटरप्रूफिंग यंदा करायचे की रंगकाम, थकबाकीदार विधवेशी किती सवलतीने वागायचे आणि थकबाकीदार व्यापाऱ्याशी किती कडकपणे, ठेकेदाराच्या तीन निविदांपैकी सर्वांत स्वस्त का घ्यायची नाही, हे प्रश्न पैशाचे असले तरी त्यांचे उत्तर देणारा माणूस त्या इमारतीत राहणारा असावा लागतो. शिवाय व्यवस्थापक उत्तरदायी असतो तो चेकवर सह्या करणाऱ्या दोघा-तिघांना. सभासदांचे लक्ष नसेल, तर कंपनी नेमल्याने कारभार पारदर्शक होत नाही. अपारदर्शकतेवर जीएसटी तेवढा लागतो. ज्या मोबाइल अ‍ॅपवरून लिफ्ट बंद असल्याची तक्रार नोंदवली जाते, त्याच अ‍ॅपवर बँकेचे पासबुक आणि बैठकांची इतिवृत्ते टाकण्यास कोणाची ना नसते; ती मागितली जात नाहीत, एवढेच.

म्हणून मला पाळी लावण्याची पद्धत पटते. समितीची मुदत पाच वर्षांची असते. दर निवडणुकीत किमान निम्मे चेहरे नवे असतील आणि वीस वर्षांत प्रत्येक घरातून कोणीतरी एकदा समितीत बसलेले असेल, असा संकेत सर्वसाधारण सभेने पाडावा. कायद्याने सक्ती करता येणार नाही आणि करूही नये. नाखुशीने बसलेला खजिनदार हा खजिनदार नसण्यापेक्षा वाईट. यावर हमखास येणारा आक्षेप असा की, विरार लोकलने चर्चगेट गाठणाऱ्या आणि रात्री नऊला घरी पोहोचणाऱ्या नवरा-बायकोंनी हे कधी करायचे? आक्षेप खरा आहे. पण समितीचे काम अवजड वाटते ते तिघांवर पडते म्हणून. दोन सभासदांनी समितीबाहेरून दर तिमाहीला व्हाउचर तपासायचे, एकीने विजेच्या आणि पाण्याच्या बिलांचे कल पाहायचे, एकाने अग्निशमनाची आणि लिफ्टची कागदपत्रे तारखेवर ठेवायची, अशी वाटणी झाली, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याची एखादी संध्याकाळ येते. आणि ज्याने एक वर्ष व्हाउचर तपासले आहेत, तो चेअरमनवर आरोप करताना आकडे घेऊन बोलतो किंवा बोलत नाही.

या वाटणीत भाडेकरूंनाही जागा असावी, हे मत अनेकांना रुचणार नाही. मुंबईच्या कित्येक इमारतींत निम्म्याच्या आसपास सदनिका भाड्याने दिलेल्या असतात. मालक ठाण्यात, पुण्यात किंवा दुबईत. संस्थेला त्यांच्याकडून बिनभोगवटा शुल्क म्हणून सेवाशुल्काच्या फार तर १० टक्के जास्त मिळतात. त्यांचे मत अबाधित असते, पण पाणी केव्हा जाते हे त्यांना माहीत नसते. उलट, जो भाडेकरू रोज लिफ्ट वापरतो आणि ज्याची मुले आवारात खेळतात, त्याला सभेची नोटीसही मिळत नाही. मिळते ती अकरा महिन्यांच्या करारावर पोलीस पडताळणीची ताकीद, आणि अविवाहित असल्यास पाहुणे किती वाजेपर्यंत ठेवायचे याची अट. मताधिकार मालकीशी जोडलेला आहे आणि तो तसाच राहील. पण पाणी, कचरा, सुरक्षा, गणेशोत्सव या कामांच्या गटांत भाडेकरूंना घ्यायला कोणता उपविधी आड येतो? इमारतीची काळजी घेणारी माणसे वाढवायची असतील, तर त्यांतली निम्मी आधीच वगळून चालणार नाही.

आता पुनर्विकासाकडे वळू. शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली आधी २००९ साली आणि नंतर ४ जुलै २०१९ रोजी सुधारित निर्देश काढले. सभासदांची विशेष सभा, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, शक्याशक्यतेचा अहवाल, निविदा, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकासकाची निवड, सभेचे चित्रीकरण, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, विकासकाने द्यायची प्रकल्पखर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी: प्रक्रिया चांगली विचारपूर्वक आखलेली आहे. पण तिच्यातली प्रत्येक पायरी एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे सभासद कागद वाचतात. ज्या सभासदाने आपल्या संस्थेचा दोन पानी ताळेबंद कधी वाचला नाही, त्याच्या हाती एफएसआय, टीडीआर, फंजिबल आणि प्रीमियम अशा बांधकामाच्या परिभाषेने भरलेला अहवाल पडतो आणि त्याला त्यातले एकच कळते, आपल्याला किती चौरस फूट जास्त मिळणार. विकासकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो चौरस फुटांत बोलतो आणि बँक हमीचे कलम करारात सैल ठेवतो. स्वयंपुनर्विकासाचा, म्हणजे विकासकाशिवाय संस्थेने स्वतःच इमारत बांधून घेण्याचा, मार्ग २०१९ पासून शासनाच्या सवलतींमुळे आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या कर्जधोरणामुळे खुला झाला आहे. त्यात बिल्डरचा नफा सभासदांकडे राहतो. तो मार्ग घेऊ शकतात त्या संस्था म्हणजे जिथे बिले तपासण्याची, वाद सभेत मिटवण्याची आणि शेजाऱ्याच्या हाती पैसे सोपवण्याची सवय आधीपासून आहे. ही सवय कर्ज मंजूर झाल्यावर लावता येत नाही.

आणि नवी इमारत उभी राहिल्यावर काम कमी होत नाही, कैक पटींनी वाढते. चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीतली चोवीस कुटुंबे बावीस मजली टॉवरमध्ये परततात तेव्हा तिथे तीन लिफ्ट, स्प्रिंक्लर, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, यांत्रिक पार्किंग आणि जनरेटर त्यांची वाट पाहत असतात. हजार-बाराशे रुपयांवरून मेंटेनन्स एकदम दहा हजारांच्या घरात जातो आणि त्यासाठी विकासकाकडून मिळालेला एकरकमी निधी, म्हणजे कॉर्पस, बहुतेकांनी वैयक्तिक चेकने घेऊन मुलाच्या शिक्षणात किंवा गावच्या घरात घातलेला असतो. विक्रीच्या सदनिका घेणारे नवे सभासद संख्येने जास्त असतात, त्यांनाही प्रत्येकी एक मत असते, आणि पोहण्याचा तलाव चालू ठेवावा की बंद करावा हे आता त्यांच्या बहुमताने ठरते. निवृत्तिवेतनावर जगणारे जुने सभासद मग काही वर्षांत तेच घर भाड्याने देऊन बदलापूरला किंवा विरारला राहायला जातात. कॉर्पसची निम्मी रक्कम तरी संस्थेच्या नावे मुदत ठेवीत राहील आणि तिच्या व्याजातून मूळ सभासदांच्या मेंटेनन्सचा काही भार उचलला जाईल, असे कलम विकास करारात घालता येते. ते घालण्याचा ठराव करार नोंदवण्यापूर्वी, मतांचे पारडे जुन्या सभासदांकडे असतानाच व्हावा लागतो. येत्या सप्टेंबरच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्यासाठी एक ओळ पुरेशी आहे, आणि त्या सभेला दहा वाजताच गणसंख्या भरली तर पुढच्या अर्ध्या तासात करारातले बँक हमीचे कलमही वाचून घेता येईल.